राष्ट्राध्यक्षाचा क्षमाधिकार आणि निवडणुकीचे अपराध

न्यायाशिवाय राज्य चालत नाहीं आणि दयेशिवाय न्याय माणसाळत नाहीं, हें सर्वांस मान्य आहे. म्हणूनच बहुतेक सुधारलेल्या राष्ट्रांच्या घटनांत राज्याच्या प्रमुखास अपराध्याला क्षमा करण्याचा अधिकार दिलेला आढळतो. परंतु ही क्षमा कोणीं, कोणास, कोणत्या अपराधाबद्दल आणि किती विस्तारानें करावी, या प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत २०२५ सालीं निवडणुकीशीं निगडित अशा अपराधांबद्दल अध्यक्षांनीं सरसकट माफ्या दिल्या, आणि त्यामुळें हा जुना प्रश्न नव्यानें उभा राहिला. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी वर्तमानपत्रें वाचतात व त्यांतील गोष्टींबद्दल आम्हांस विचारतात; त्यांच्या पालकांनाहि या विषयांत गोडी वाटेल, अशा समजुतीनें त्याची थोडी पद्धतशीर चर्चा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. शब्दांचे अर्थ

प्रथम शब्द नीट समजून घेऊं. 'क्षमा' अथवा 'पूर्ण माफी' म्हणजे अपराधाबद्दल कायद्यानें येणाऱ्या शिक्षेंतून व तिच्या परिणामांतून मनुष्यास मुक्त करणें. शिक्षा 'सौम्य करणें' म्हणजे दोष कायम ठेवून केवळ शिक्षेचा भार हलका करणें. उदाहरणार्थ, फांशीऐवजीं जन्मठेप, किंवा भोगलेली कैद पुरेशी समजून सुटका. शिक्षा 'तहकूब करणें' म्हणजे ती कांहीं काळ पुढें ढकलणें. एखाद्या व्यक्तीस नव्हे तर लोकांच्या एका संबंध वर्गास जी माफी देण्यांत येते, तिला 'सार्वत्रिक माफी' म्हणतात.

माफी किती विस्तृत आहे हें ठरविण्यास तीन मापें लावावीं. पहिलें माप व्यक्तींचें: ज्यांस माफी मिळाली त्यांचीं नांवें दिलेलीं आहेत, कीं 'जे कोणी असतील ते सर्व' असें म्हटलें आहे? दुसरें माप अपराधाचें: अपराध नेमका सांगितला आहे, कीं 'अमुक गोष्टीशीं संबंधित सर्व कांहीं' असें मोघम लिहिलें आहे? तिसरें माप काळाचें: चौकशी होऊन, न्यायाधीशानें निकाल दिल्यावर माफी झाली, कीं खटला उभा राहण्यापूर्वींच? हीं तीन मापें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावीं. पुढें त्यांचा आपणांस उपयोग होणार आहे.

२. अधिकाराचा उगम

हा अधिकार अमेरिकनांस इंग्लंडच्या राजापासून वारशानें मिळाला. राजा हाच न्यायाचा उगम, तेव्हां न्यायाची कठोरता कमी करणेंहि त्याच्याच हातीं, अशी मूळ कल्पना होती. परंतु तिचा दुरुपयोग होऊं लागतांच इंग्लिश लोकांनीं तिला बांध घातला. १६७८ सालीं दुसरा चार्ल्स याचा प्रधान डॅन्बी याच्यावर कॉमन्स सभेनें महाभियोग आणला. तेव्हां राजानें त्यास माफी देऊन वांचविण्याचा यत्न केला. पण राजाची माफी दाखवून कोणासहि महाभियोग टाळतां येणार नाहीं, असा आग्रह कॉमन्स सभेनें धरला. पुढें १७०१ च्या वारसाविषयक कायद्यांत हेंच तत्त्व लिहून ठेवण्यांत आलें. राजाच्या चाकरानें राजासाठीं केलेला अपराध राजानेंच पोटांत घालूं नये, हा त्यांतील मुद्दा होय.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेची घटना तयार झाली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदांत, महाभियोगाचीं प्रकरणें वगळून, संयुक्त संस्थानांविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल शिक्षा तहकूब करण्याचा व क्षमा करण्याचा अधिकार अध्यक्षांस देण्यांत आला. या कलमावर सभेंत वाद झाला. एडमंड रॅंडॉल्फ यांनीं राजद्रोहाचा अपराध या अधिकारांतून वगळावा अशी सूचना आणली. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांचा आक्षेप तर फारच दूरदर्शी होता. त्यांचें म्हणणें असें कीं, अध्यक्ष एखादा अपराध गुप्तपणें स्वतःच करवील, आणि मग अपराध करणाऱ्यांस माफी देऊन स्वतःचा त्यांतील हात झांकून टाकील. जेम्स विल्सन यांनीं उत्तर दिलें कीं, तसें झाल्यास अध्यक्षावरच महाभियोग चालवितां येईल. १७८८ सालीं व्हर्जिनियाच्या सभेंत जेम्स मॅडिसन यांनींहि मेसन यांना असेंच उत्तर दिलें. रॅंडॉल्फ यांची सूचना नामंजूर झाली.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं त्याच वर्षीं 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ७४ व्या लेखांत या अधिकाराची बाजू मांडली. बंडाळीच्या वेळीं योग्य क्षणीं दिलेलें क्षमेचें वचन राष्ट्रांत शांतता आणूं शकतें. मोठ्या सभेस तो क्षण साधतां येत नाहीं, एका मनुष्यास साधतां येतो. आणि सर्व जबाबदारी एकट्यावर असल्यामुळें तो ती जपून वापरील, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे. दोन्ही पक्षांचें म्हणणें विचार करण्याजोगें होतें. इतिहासानें पुढें दोघांसहि थोडथोडें खरें ठरविलें.

३. क्षमेचीं जुनीं उदाहरणें

हॅमिल्टन यांचें म्हणणें लवकरच अनुभवास आलें. दारूवरील कराविरुद्ध १७९४ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागांत बंड झालें. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं फौज पाठवून तें मोडलें. दोघांस राजद्रोहाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. परंतु १७९५ सालीं वॉशिंग्टन यांनीं त्यांस क्षमा केली. यादवी युद्ध चालू असतांना, ८ डिसेंबर १८६३ रोजीं, अध्यक्ष लिंकन यांनीं दक्षिणेच्या बंडखोरांस माफी देऊं केली. पण तीस दोन मर्यादा होत्या. माफी घेणारानें घटनेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, ही एक. आणि बंडाचे मोठे अधिकारी व सेनानी तींतून वगळलेले, ही दुसरी. अध्यक्ष जॉन्सन यांनीं १८६८ च्या नाताळच्या दिवशीं ही माफी सर्वांस लागू केली. अलीकडच्या काळांत, २१ जानेवारी १९७७ रोजीं, अध्यक्ष कार्टर यांनीं व्हिएतनाम युद्धाच्या वेळीं सक्तीची लष्करभरती चुकविणारांस माफी दिली; तींतूनहि बळजबरी व हिंसा केलेल्यांस वगळलें होतें.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वॉशिंग्टन व लिंकन यांनीं ज्यांस क्षमा केली ते त्यांचे सोबती नव्हते, ते त्यांच्याविरुद्ध शस्त्र घेऊन उठलेले लोक होते. क्षमा करणारा येथें विजयी, आणि क्षमा घेणारा पराभूत. क्षमेनें देणाराचा स्वतःचा कांहीं लाभ होत नव्हता, लाभ झाला तो राष्ट्राचा.

या मालिकेंत न बसणारें एक उदाहरण अध्यक्ष फोर्ड यांचें. ८ सप्टेंबर १९७४ रोजीं त्यांनीं आपल्या पूर्वीच्या अध्यक्षांस, म्हणजे रिचर्ड निक्सन यांस, २० जानेवारी १९६९ पासून ९ ऑगस्ट १९७४ पर्यंत त्यांनीं केलेल्या किंवा केले असतील अशा मध्यवर्ती कायद्याखालील सर्व अपराधांबद्दल पूर्ण माफी दिली. निक्सन यांच्यावर खटला झालाच नव्हता. राष्ट्राची जखम भरून यावी हा फोर्ड यांचा हेतु होता, असें त्यांनीं सांगितलें. तरी देशांत मोठी नाराजी झाली, आणि १९७६ च्या निवडणुकींत फोर्ड हरले. वॉटरगेटचें मूळ प्रकरण प्रतिपक्षाच्या कचेरींत शिरण्याचें, म्हणजे निवडणुकीशींच संबंध असलेलें होतें, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अपराधांचा नामनिर्देश नाहीं, खटला नाहीं, केवळ काळाच्या दोन सीमा. अशी ही माफी पुढील पिढ्यांस नमुना होऊन बसली.

४. २०२० ची निवडणूक आणि त्यानंतरच्या माफ्या

आतां प्रस्तुत प्रकरणाकडे वळूं. अमेरिकेंत अध्यक्षाची निवड थेट मतांनीं होत नाहीं. प्रत्येक राज्यांतील मतदार आपले 'निर्वाचक' निवडतात, आणि ते निर्वाचक अध्यक्षास मत देतात. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकींत जोसेफ बायडन यांस ३०६ व डोनाल्ड ट्रंप यांस २३२ निर्वाचक-मतें मिळाली. ट्रंप यांनीं हा निकाल मानला नाहीं. निकालाविरुद्ध अनेक दावे लावण्यांत आले, पण निकाल बदलण्याजोगें कांहीं न्यायालयांत सिद्ध झालें नाहीं. सात राज्यांत ट्रंप यांच्या पक्षाच्या लोकांनीं आपणच त्या राज्याचे निर्वाचक आहों अशा आशयाचीं प्रमाणपत्रें तयार केलीं. ६ जानेवारी २०२१ रोजीं वॉशिंग्टन येथें संसदेच्या संयुक्त बैठकींत मतें मोजलीं जात असतां मोठा जमाव संसदभवनांत घुसला व मोजणी कांहीं तास बंद पडली. सुमारें १४० पोलीस जखमी झाले. मोजणी दुसऱ्या दिवशीं पहांटे पुरी झाली. या दंग्याबद्दल पुढील चार वर्षांत दीड हजारांहून अधिक लोकांवर खटले भरण्यांत आले.

२०२४ ची निवडणूक ट्रंप यांनीं जिंकली. २० जानेवारी २०२५ रोजीं, अधिकारग्रहणाच्या दिवशींच, त्यांनीं एक जाहीरनामा काढला. त्यांत चौदा जणांची कैद भोगलेल्या मुदतीपुरती कमी केली. बाकी सर्व दोषी ठरलेल्यांस पूर्ण माफी दिली. आणि चालू खटले काढून टाकण्याची आज्ञा केली. वाट चुकून आंत गेलेला आणि पोलिसावर काठी उगारणारा असा भेद त्यांत केलेला नव्हता. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यानें, २०२० च्या निवडणुकींतील त्या पर्यायी निर्वाचकांच्या योजनेशीं व मतदानांतील गैरप्रकार उघड करण्याच्या प्रयत्नांशीं संबंध असलेल्या वर्तनाबद्दल माफी देण्यांत आली. त्यांत ७७ नांवें होतीं. रूडी जूलियानी, मार्क मेडोज व जॉन ईस्टमन हे अध्यक्षांचे जुने सल्लागार त्यांत होते. परंतु माफी या नांवांपुरतीच नसून तशा सर्व नागरिकांस आहे असें म्हटलें होतें. स्वतः अध्यक्षांस मात्र ती लागू नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें.

आतां आपलीं तीन मापें लावून पाहूं. व्यक्ति: पहिल्या माफींत एक हजारांवर, दुसरींत नांवें देऊनहि यादी उघडीच. काळ: पहिलींत अनेक खटले निकालापूर्वींच बंद झाले, दुसरींत ज्यांचीं नांवें होतीं त्यांच्यावर त्या कृत्यांबद्दल मध्यवर्ती न्यायालयांत आरोपच ठेवलेले नव्हते. अपराध: दोन्हींत 'संबंधित' या एका शब्दावर सगळा भार.

हा एक शब्द किती गोंधळ करूं शकतो, याचा लगेच प्रत्यय आला. दंग्याच्या तपासांत कांहीं आरोपींच्या घरांची झडती झाली होती व तेथें बेकायदा शस्त्रें सांपडलीं होतीं. तीं शस्त्रें घरीं बाळगणें हा दंग्याशीं 'संबंधित' अपराध होय काय? सरकारी वकिलांनीं प्रथम नाहीं असें सांगितलें, आणि थोड्याच आठवड्यांत कांहीं प्रकरणांत होय असें सांगितलें. टेनेसी राज्यांतील एका आरोपीनें आपला तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांस ठार मारण्याचा कट केला होता. माफी या कटासहि लागू आहे असें त्याचें म्हणणें होतें, तें मात्र न्यायालयानें फेटाळलें. माफीचा लेख सैल असला म्हणजे दयेची सीमा न्यायालयांत वादविवाद करून शोधावी लागते, ती अशी.

या सगळ्यांत एक लहानशी गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटली. आयडाहो राज्यांतील सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीस दंग्यांत भाग घेतल्याबद्दल ६० दिवसांची कैद झाली होती. माफी मिळाली तेव्हां तिनें ती नाकारली. आपण त्या दिवशीं अपराध केला, आणि माफी घेतली तर पोलिसांचा व कायद्याचा अपमान होईल, असें तिनें सांगितलें. माफी नाकारण्याचा हक्क मनुष्यास आहे, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१५ सालीं बर्डिक यांच्या खटल्यांत ठरविलें आहे. माफी घेण्यांत अपराधाची कबुली गृहीत असते, असेंहि त्या निकालांत म्हटलें आहे. दयेचें मोल त्या स्त्रीस चांगलें कळलें होतें, असें आम्हांस वाटतें.

५. दुसरी बाजू

विद्यार्थ्यांनीं कोणताहि प्रश्न एका बाजूनें पाहूं नये. माफीचे कैवारी म्हणतात कीं, हे खटले राजकीय द्वेषानें भरले होते व पुष्कळांस शिक्षा फार कडक झाल्या. जून २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, दंग्यांतील शेंकडों आरोपींस लावलेल्या एका कलमाचा अर्थ सरकारी वकिलांनीं फार ताणला असें ठरविलें होतें, हें खरें आहे. तसेंच १९६० सालीं हवाई राज्यांत फेरमोजणी चालू असतां दोन्ही पक्षांच्या निर्वाचकांनीं आपापलीं प्रमाणपत्रें पाठविलीं होतीं व त्याबद्दल कोणास शिक्षा झाली नव्हती, असा दाखलाहि ते देतात. परंतु तेथें फेरमोजणी खरोखर चालू होती आणि तिनें निकालहि बदलला. २०२० सालीं तसें कांहीं नव्हतें.

विस्तृत माफीचा मोह एकाच पक्षास झाला असेंहि नाहीं. अध्यक्ष बायडन यांनीं १ डिसेंबर २०२४ रोजीं आपल्या मुलास जवळजवळ अकरा वर्षांच्या काळांतील सर्व मध्यवर्ती अपराधांबद्दल माफी दिली. आणि २० जानेवारी २०२५ रोजीं, अधिकार सोडण्यापूर्वीं, ६ जानेवारीच्या दंग्याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे सभासद, आपले आप्त व इतर कांहीं जण यांस कोणताहि आरोप नसतां आगाऊ माफी दिली. त्यांवर सूड उगवला जाईल ही भीति त्यामागें होती. ती भीति खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका पक्षानें कुंपण ओलांडलें म्हणजे दुसऱ्यास तीच वाट रुंद करणें सोपें जातें, एवढें खरें.

६. निवडणुकीचा अपराध निराळा कां?

येथें कोणी विचारील कीं, चोर, खुनी यांसहि माफी मिळते, मग निवडणुकीच्या अपराधाचेंच एवढें काय? याचें उत्तर आपल्या शाळेंतील उदाहरणानें देऊं.

समजा, एका वर्गांत वर्गनायकाची निवडणूक आहे. एका उमेदवाराच्या मित्रांनीं प्रतिपक्षाच्या चिठ्ठ्या फाडून टाकण्याचा प्रयत्न केला. तो फसला, मुलें पकडलीं गेलीं व त्यांस शिक्षा झाली. पुढील वर्षीं तोच उमेदवार निवडून आला, आणि वर्गनायकास किरकोळ अपराध माफ करण्याचा अधिकार असल्यामुळें त्यानें पहिल्याच तासाला सांगितलें, "गेल्या वर्षींच्या निवडणुकीशीं संबंधित सर्व अपराध माफ!" वर्गांतील मुलें काय म्हणतील? कोणी म्हणेल, "याचें काय गेलें होतें, म्हणून यानें माफ करावें? चिठ्ठ्या आमच्या फाडल्या जात होत्या." दुसरा म्हणेल, "यंदांहि त्यांनीं चिठ्ठ्या फाडल्या तर यांस कोण अडविणार?"

या दोन बोलण्यांत सगळें सार आलें. क्षमा करण्याचा पहिला हक्क ज्याचें नुकसान झालें त्याचा. राजा किंवा अध्यक्ष प्रजेच्या वतीनें क्षमा करतो, कारण तो प्रजेचा प्रतिनिधि असतो. परंतु निवडणुकीच्या अपराधांत नुकसान होतें तें मतदाराचें. आणि अध्यक्षास प्रतिनिधित्व मिळतें तें त्याच मतदाराकडून. ज्या विहिरीचें पाणी आपण पितों तीच गढूळ करणाऱ्यास क्षमा करण्याचा हा प्रकार आहे. त्यांतहि जर तो अपराध क्षमा करणाराच्याच लाभासाठीं झालेला असेल, तर तिला दया म्हणावें कीं परतफेड, हा प्रश्न कोणाहि निःपक्षपाती मनुष्यास पडेल. लिंकन यांनीं शत्रूस क्षमा केली. येथें मित्रास क्षमा झाली. कागदावरील शब्द एकच असले तरी कृत्यें दोन आहेत.

दुसरें, असल्या माफीचा परिणाम मागील अपराधापुरता राहत नाहीं. न झालेल्या अपराधाची माफी आगाऊ देतां येत नाहीं. १८६६ च्या गार्लंड यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, अपराध घडल्यानंतर केव्हांहि, खटल्यापूर्वींहि, माफी देतां येते असें म्हटलें, पण 'अपराध घडल्यानंतर' ही मर्यादा तेथेंहि आहे. तथापि लोक उदाहरणावरून शिकतात. काम फत्ते झालें तर सत्ता आपली, आणि सत्ता आपली झाली कीं माफीहि आपलीच, असा हिशेब एकदां मनांत बसला म्हणजे पुढच्या निवडणुकींत कायद्याचा धाक कोणास राहील? आणि मतमोजणीच्या टेबलाशीं रात्रभर बसून प्रामाणिकपणें काम करणारा जो साधा कारकून, त्यास धमकी आली तर त्यानें कोणाकडे पाहावें?

७. या अधिकाराच्या सीमा

अध्यक्षाची माफी अमर्याद दिसली तरी तीस एक भक्कम भिंत आहे. ती केवळ मध्यवर्ती सरकारच्या कायद्यांविरुद्ध झालेल्या अपराधांस लागू पडते. एखाद्या राज्याच्या कायद्याविरुद्ध झालेल्या अपराधास नाहीं. कोलोरॅडो राज्यांतील एका माजी निवडणूक-अधिकारी स्त्रीस मतयंत्रांच्या प्रकरणीं राज्याच्या न्यायालयानें २०२४ सालीं नऊ वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०२५ मध्यें अध्यक्षांनीं तिला माफी जाहीर केली. पण शिक्षा राज्याच्या कायद्याखालची असल्यामुळें ही माफी तीस लागू होत नाहीं, असें राज्याच्या अधिकाऱ्यांनीं तत्काळ सांगितलें. पर्यायी निर्वाचकांविरुद्ध कांहीं राज्यांनीं भरलेले खटलेहि या माफीनें आपोआप नष्ट झाले नाहींत. २०२५ सालीं मिशिगन व जॉर्जिया येथील खटले निकालांत निघाले खरे, पण तीं कारणें निराळीं होतीं.

मॅडिसन व विल्सन यांनीं सांगितलेला महाभियोगाचा उपाय मात्र दुबळा ठरला आहे. त्यास सेनेटांत दोनतृतीयांश मतें लागतात, आणि पक्षाभिमान प्रबळ असतां तीं मिळणें जवळजवळ अशक्य. शिवाय १ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, घटनेनें अध्यक्षास एकट्यास दिलेल्या अधिकारांच्या वापराबद्दल त्यावर फौजदारी खटला चालूं शकत नाहीं असा निकाल दिला. त्या अधिकारांत क्षमाधिकार येतो. म्हणजे मेसन यांची १७८७ ची शंका आज अधिकच जागती आहे.

आपल्या देशाची व्यवस्था या बाबतींत थोडी निराळी आहे. भारताच्या घटनेंत अनुच्छेद ७२ अन्वयें राष्ट्रपतींस व अनुच्छेद १६१ अन्वयें राज्यपालांस क्षमेचा अधिकार आहे. परंतु तो त्यांनीं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वापरावयाचा असतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं मारूराम यांच्या प्रकरणांत ठरविलें. मुंबईच्या नानावटी प्रकरणांत १९६० सालीं राज्यपालांनीं शिक्षा तहकूब केली असतां, अपील न्यायालयापुढें असेपर्यंत ती आज्ञा चालणार नाहीं, असा निर्णय झाला होता. आणि २००६ सालीं आंध्र प्रदेशांतील एका प्रकरणांत, राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यास राज्यपालांनीं दिलेली शिक्षेंतील सूट न्यायालयानें रद्द केली. जात, धर्म किंवा राजकीय निष्ठा पाहून दिलेली क्षमा न्यायालयाच्या तपासणींत टिकणार नाहीं, असें त्या निकालांत सांगितलें आहे. आपल्या व्यवस्थेंत दोष नाहींत असें नव्हे. मंत्रिमंडळाचा सल्लाहि पक्षपाती असूं शकतो. तथापि एकाच्या हातांत कुलूप आणि किल्ली दोन्ही नसावीं, हें तत्त्व येथें अधिक पाळलें आहे.

अमेरिकेंत सुधारणेच्या अनेक सूचना झाल्या आहेत. स्वतःस, आप्तांस व आपल्या लाभासाठीं अपराध करणारांस माफी देतां येऊं नये. माफीचीं कारणें लेखी जाहीर व्हावीं. अपराध नेमका लिहावा. अशा त्यांतील कांहीं आहेत. परंतु खरा बदल करावयाचा तर घटनादुरुस्ती हवी. त्यास दोन्ही सभांचीं दोनतृतीयांश मतें व ५० पैकीं ३८ राज्यांची संमति लागते. तोंपर्यंत अध्यक्षाचा विवेक आणि मतदाराची जागृति याच दोन मर्यादा उरतात.

८. उपसंहार

क्षमा ही राज्यकर्त्याच्या हातांतील फार मोठी गोष्ट आहे, ती काढून घ्यावी असें आमचें मत नाहीं. निरपराध मनुष्यासहि कधीं शिक्षा होते, कायदा कधीं फार कडक ठरतो, आणि पश्चात्ताप झालेल्यास पुन्हां उभें राहण्यास हात द्यावा लागतो. परंतु खरी क्षमा अपराधास अपराध म्हणते आणि मग अपराध्यास सोडते. अपराध झालाच नाहीं असें म्हणून जी सुटका होते, तिच्यांत क्षमा कोठें आहे? शिवाय देणारानें स्वतःचें कांहीं सोडावें लागतें. दुसऱ्याच्या खिशांतून दानधर्म होत नाहीं. मतदाराचा हक्क हा अध्यक्षाचा खिसा नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळ जण थोड्याच वर्षांत मतदार व्हाल. कांहीं मतदानकेंद्रावर अधिकारी म्हणून बसाल. एखादा कदाचित् मंत्री वा राज्यपालहि होईल. त्या वेळीं ज्याच्यावर अन्याय झाला त्यास विचारल्यावांचून त्याच्या वतीनें उदार होऊं नका. खालील प्रश्नांचा घरीं वडील माणसांबरोबर विचार करावा.

(१) पूर्ण माफी आणि शिक्षा सौम्य करणें यांत भेद काय? या लेखांतून प्रत्येकाचें एक उदाहरण द्या.

(२) लिंकन यांची १८६३ ची माफी व २० जानेवारी २०२५ ची माफी यांस व्यक्ति, अपराध व काळ हीं तीन मापें लावून तुलना करा.

(३) 'संबंधित' या शब्दाऐवजीं तुम्ही माफीच्या लेखांत कोणते शब्द घालाल?

(४) जॉर्ज मेसन यांचा आक्षेप आणि विल्सन यांचें उत्तर, यांपैकीं आज कोणाचें म्हणणें तुम्हांस अधिक पटतें, व कां?

(५) माफी नाकारणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीच्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें?